साठा कमी झाला, की नुसता दुसऱ्याच्या गोदामात गेला?

कुठल्याही मोठ्या कंपनीचं इन्व्हेस्टर प्रेझेंटेशन उघडा, सप्लाय चेनच्या स्लाइडवर दोन आकडे हमखास सापडतात. इन्व्हेंटरी, म्हणजे मालाचा साठा, आधी किती दिवसांची होती आणि आता किती दिवसांवर आणली हा एक, आणि वेंडरचं, म्हणजे माल पुरवणाऱ्याचं, पेमेंट आधी किती दिवसांनी जायचं आणि आता किती दिवसांनी जातं हा दुसरा. पहिला खाली आलेला असतो, दुसरा वर गेलेला असतो आणि दोन्हीला टाळ्या पडतात. वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा) मोकळं झालं, कॅश सुटली, म्हणजे सप्लाय चेन मस्त चाललीय आणि कंपनीचा परफॉर्मन्स सुधारला. मला हा हिशोब पटत नाही. यातली बरीचशी सुधारणा ही सुधारणा नसतेच, ओझं एका पाठीवरून उचलून दुसऱ्या, जास्त कमजोर पाठीवर टाकलेलं असतं, आणि ते ज्याच्या पाठीवर गेलं त्याचा ताळेबंद आपल्या स्लाइडवर नसतो म्हणून सगळं छान दिसतं.

स्टोअरमध्ये किंवा पर्चेसमध्ये काम केलेल्या कुणालाही मंथ एंडबद्दल विचारा. शेवटचे दोन-तीन दिवस वेंडरची गाडी गेटवर येऊन उभी असते, माल आपल्याच पीओचा (खरेदी ऑर्डरचा), आपल्याच शेड्यूलप्रमाणे आलेला, पण सिक्युरिटीला सांगितलेलं असतं की आत घेऊ नका. कारण गाडी आत आली की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करावी लागते, जीआरएन झाली की तो साठा आपल्या पुस्तकात चढतो आणि महिन्याचा आकडा बिघडतो. मग ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, गाडीचं थांबण्याचं भाडं वेंडरच्या माथी, आणि १ तारखेला सकाळी सकाळी गेट उघडतं. त्यात गंमत अशी की तोच माल लाइनला लागणार असेल तर प्रॉडक्शनवाला २९ तारखेपासून फोन करून करून डोकं खात असतो, म्हणजे एकीकडे शॉर्टेज आणि एकीकडे गेटबाहेर माल, आणि रिपोर्टमध्ये मात्र इन्व्हेंटरी टर्न (साठा वर्षात किती वेळा फिरतो तो आकडा) सुधारले. याला कुणी सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणत असेल तर म्हणो बापडा.

याचंच सूटबूट घातलेलं रूप म्हणजे वेंडरने आपल्या प्लांटजवळ हब, म्हणजे गोदाम, उघडायचा, तिथे दोन-तीन आठवड्यांचा माल स्वतःच्या पैशाने भरून ठेवायचा आणि आपण तो उचलला त्या क्षणी बिल सुरू. कल्पना वाईट नाही हां, नीट चालवली तर फार चांगली आहे. वेंडरला आपला खप रोजच्या रोज दिसतो आणि तो स्वतःचं उत्पादन त्याप्रमाणे लावू शकतो, हा तिचा मूळ उद्देश. पण बऱ्याच ठिकाणी खपाची माहिती देतच नाहीत, फक्त मिनिमम लेव्हल देतात आणि ती तुटली की पेनल्टी. मग बिचारा वेंडर काय करणार, भीतीपोटी लेव्हलच्या दीडपट माल ठेवतो. आपली इन्व्हेंटरी शून्य, साखळीतली एकूण इन्व्हेंटरी वाढली.

आणि हे फुकट पडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी साधं गणित करावं. समजा मोठ्या कंपनीला कर्ज ८ टक्क्यांनी मिळतं आणि छोट्या वेंडरला १४ टक्क्यांनी. १०० चा माल ६० दिवस वेंडरच्या डोक्यावर ढकलला तर कंपनीचे व्याजाचे साधारण १.३ वाचले आणि वेंडरचे २.३ गेले. साखळी म्हणून एकत्र बघितलं तर १ चा तोटाच झाला. हा जास्तीचा १ कुठेतरी वसूल होणारच, पुढच्या रेट निगोशिएशनमध्ये होईल, नाही झाला तर मटेरियलच्या ग्रेडमध्ये होईल, नाहीतर टूल मेंटेनन्स पुढे ढकलण्यात होईल आणि वर्षभराने आपल्याकडे रिजेक्शन म्हणून परत येईल. तेव्हा क्वालिटीवाल्याला मेमो जातो. ज्याने पेमेंट टर्म लांबवली त्याला तोवर प्रमोशन मिळालेलं असतं.

आता कुणी म्हणेल की बाबा रे, सप्लाय चेनच्या चांगल्या पद्धती वापरल्या की कंपनीची कामगिरी सुधारते हे तर रिसर्चने सिद्ध केलंय. केलंय, म्हणजे निदान तसे पेपर ढिगाने आहेत. त्यातला खूप उद्धृत होणारा एक २००६ चा, १९६ कंपन्यांच्या सर्व्हेवरचा. त्यात पाच गोष्टी मोजल्या होत्या, सप्लायरशी दीर्घकाळची भागीदारी, ग्राहकाशी नातं, किती माहिती वाटली जाते, ती माहिती किती दर्जेदार असते, आणि प्रॉडक्टला शेवटचं रूप देणं जमेल तितकं उशिरा ढकलणं. या पद्धती जिथे जास्त तिथे स्पर्धेतली आघाडी जास्त आणि कामगिरीही चांगली, असा निष्कर्ष. यादी मला मान्य आहे, शंभर टक्के. पण या जातीच्या अभ्यासांत एक अडचण असते ती वाचताना लक्षात ठेवायला हवी. बहुतेक वेळा एकच मॅनेजर एकाच बैठकीत दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, तुम्ही सप्लायरशी चांगलं वागता का आणि तुमची कंपनी स्पर्धकांपेक्षा कशी चाललीय. ज्याचं वर्ष चांगलं गेलं तो दोन्हीकडे पाचपैकी पाच टिक करणार, माणसाचा स्वभावच आहे तो. शिवाय आधी काय, नंतर काय हेही त्यातून कळत नाही, पैसा हातात आहे म्हणून कंपनी सप्लायरशी उदारपणे वागते की उदारपणे वागली म्हणून पैसा आला? आणि त्या सर्व्हेत वेंडरला कुणी विचारलेलंच नसतं.

मला त्यापेक्षा उलट बाजूने केलेलं काम जास्त खात्रीचं वाटतं. हेंड्रिक्स आणि सिंघल या दोन प्राध्यापकांनी मॅनेजरला काही विचारलंच नाही. कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या सप्लाय चेनच्या गोंधळांच्या ५१९ घोषणा गोळा केल्या, पार्ट आले नाहीत, माल वेळेत पाठवता आला नाही वगैरे, आणि शेअरचं काय झालं ते बघितलं. घोषणेच्या आसपास सरासरी सुमारे १० टक्के किंमत गेली. नंतरच्या मोठ्या अभ्यासात एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत मोजलं तर बाजाराच्या तुलनेत पडझड जवळपास ४० टक्क्यांची निघाली आणि ती लवकर भरूनही आली नाही. म्हणजे सप्लाय चेनचा परफॉर्मन्सवर परिणाम होतो का, तर होतो, आणि जबरदस्त होतो. पण तो दिसतो वाईट दिवशी. चांगल्या दिवसांत सडपातळ सप्लाय चेन आणि उपाशी सप्लाय चेन सारख्याच दिसतात, आणि आपण सगळे आकडे चांगल्या दिवसांतच मोजतो.

सडपातळ म्हटलं की टोयोटाचं नाव निघतंच. जस्ट इन टाइम म्हणजे साठा शून्य, आणि साठा शून्य म्हणजे वेंडरला सांगा की रोज आणून दे, एवढंच बऱ्याच ठिकाणी घेतलं गेलं. त्यासाठी १ फेब्रुवारी १९९७ ची घटना बघण्यासारखी आहे. जपानमधल्या कारियाला आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा, मुठीत मावेल एवढा, आणि टोयोटाच्या गाड्यांना लागणारे जवळपास सगळे तिथूनच यायचे. टोयोटाकडे साठा तर नावापुरताच. बघता बघता टोयोटाचे जपानमधले बहुतेक सगळे असेम्ब्ली प्लांट थांबले. इथपर्यंतची गोष्ट ऐकून लोक म्हणतात, बघा, म्हणूनच साठा पाहिजे. पण खरी गोष्ट पुढे आहे. आयसिनने आपली ड्रॉइंग बाहेर वाटली, टोयोटाची आणि इतरांची माणसं धावली, आणि दोनशेच्या आसपास कंपन्या हा व्हॉल्व्ह किंवा त्याची टूलिंग बनवायच्या मागे लागल्या. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात ब्रेकचा पार्ट बनवलेला नव्हता, शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती. काही दिवसांत पहिले व्हॉल्व्ह आले आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडायला लागल्या. रेट काय, पीओ कधी निघणार, नुकसान कोण भरणार, यावर कामाला लागण्याआधी कुणी घासाघीस करत बसलं नाही. इतक्या वर्षांच्या वागणुकीवरून त्यांना माहीत होतं की हिशोब नंतर नीट होईल, आणि तो झालाही.

आता तुमच्या माहितीतली एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणा, जी वेंडरला १२० दिवसांनी पैसे देते, दर तिमाहीला रेट कापते आणि वर बिलातून पैसे कापणारी डेबिट नोट लावते. तिच्याकडे उद्या अशी आग लागली तर किती वेंडर रात्री मशीन रिकामं करून तिचा पार्ट लावतील? फोन उचलतील की नाही इथपासून सुरुवात आहे. जस्ट इन टाइम परवडतं ते या भरवशामुळे. साठा काढला पण त्याच्या जागी नातं नाही ठेवलं तर उरतो तो निव्वळ धोका, आणि तो स्लाइडवर बचत म्हणून दाखवला जातो.

नात्याइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे माहिती, आणि तिच्याबाबत तर मोठमोठ्या कंपन्या कंजूष असतात. दुकानातला खप जरासा हलला की घाऊकवाल्याची ऑर्डर जास्त हलते, फॅक्टरीची त्याहून जास्त, कच्च्या मालवाल्याची तर पार वेडीवाकडी, याला बुलव्हिप म्हणतात. एमआयटीचे प्राध्यापक जे (Jay) फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच हे मांडलं होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला ते डायपरमध्ये दिसलं. लहान मुलं काही एका आठवड्यात कमी आणि दुसऱ्या आठवड्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत, खप जवळपास सरळ रेषेत, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी वरखाली उड्या मारायच्या. कारण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस थोडी भर घालून ऑर्डर देतो, स्कीम आली की भरून ठेवतो, शॉर्टेजची अफवा आली की दुप्पट मागतो. सगळे आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात आणि एकत्र मिळून वेडेपणा करतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि वॉलमार्टने दुकानातल्या खपाची माहिती थेट वाटून घ्यायला सुरुवात केली. दोघंही रेटसाठी एकमेकांचा गळा धरणारे, तरी दोघांचाही फायदा झाला. इथे ओझं कुणाकडे ढकललं नाही, ओझंच कमी झालं.

उलट उदाहरण सिस्कोचं. डॉट कॉमच्या तेजीत राउटर मिळत नव्हते, म्हणून गिऱ्हाइकं दोन-दोन ठिकाणी ऑर्डर टाकायची, जिथून आधी मिळेल तिथून घ्यायचं आणि दुसरी कॅन्सल करायची. सिस्कोला ती सगळी खरी मागणी वाटली, त्यावर त्यांनी पार्टचं बुकिंग केलं, आणि २००१ मध्ये तेजी फुटली तेव्हा सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा राइट ऑफ करावा लागला. सिस्कोची सॉफ्टवेअर तेव्हा जगात नावाजलेली होती बरं का. खोटी ऑर्डर आणि खरी ऑर्डर यातला फरक सॉफ्टवेअरला कळत नाही, गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकापर्यंत नजर असलेल्या माणसाला कळतो.

माहितीचा दुसरा अर्थ आहे वाईट बातमी वेळेत वर जाणं. मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीला वीज पडल्यामुळे फिलिप्सच्या चिप कारखान्याला आग लागली, ती दहा मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्याने धुळीचा कणही न चालणाऱ्या क्लीन रूमची वाट लागली. फिलिप्सने सुरुवातीला सांगितलं, आठवड्याभराचा उशीर. त्या चिप मोबाइल फोनमध्ये वापरणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन दोघांनाही निरोप साधारण तसाच गेला. नोकियाच्या माणसांनी त्या पार्टवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, आठवड्याचं प्रकरण महिन्यांवर जाणार हे हेरून थेट फिलिप्सच्या वरच्या मंडळींना गाठलं, दुसरीकडची कपॅसिटी धरली आणि स्वतःचं डिझाइनही जमेल तिथे बदललं. एरिक्सनमध्ये निरोप खालच्या पातळीवरच अडकून पडला. शिवाय खर्च वाचवायला त्यांनी पर्यायी सप्लायर आधीच कमी केले होते, ती तेव्हा अर्थातच बचत म्हणून दाखवली गेली असणार. सुमारे ४०० दशलक्ष डॉलरची विक्री गेली, आणि पुढच्याच वर्षी एरिक्सनने मोबाइल फोनचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत टाकला. एकट्या आगीमुळे नाही, पण आगीने हातभार नक्की लावला.

ओझं ढकलण्याचा सगळ्यात भव्य प्रयोग बोइंगने ७८७ विमानावर केला. विमानाचे मोठमोठे भाग जगभरच्या भागीदारांना दिले, डिझाइनसकट, आणि डेव्हलपमेंटचा खर्च त्यांनीच करायचा, वसुली विमानं विकली जातील तशी. कागदावर काय सुंदर दिसत असेल ते, बोइंगचं भांडवल कमी, जोखीम वाटलेली. प्रत्यक्षात भागीदारांनी पुढे आणखी उपकंत्राटदार धरले आणि खाली काय चाललंय ते बोइंगला दिसेनासं झालं. ८ जुलै २००७ ला जगापुढे थाटामाटात आणलेल्या विमानात आत फारसं काही नव्हतं, आणि कित्येक फास्टनर (भाग जोडणारे बोल्ट वगैरे) तात्पुरते, कारण खरे मिळतच नव्हते. मे २००८ ला द्यायचं पहिलं विमान सप्टेंबर २०११ ला गेलं. मधे एका अडचणीतल्या भागीदाराचा साउथ कॅरोलिनातला कारखाना बोइंगला विकत घ्यावा लागला. जोखीम ढकलली होती ना? ती व्याजासकट घरी परत आली.

आता दुसरी बाजू. साठा पवित्र आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. भरलेलं गोदाम आळस लपवतं, खराब मशीन, चुकीचा फोरकास्ट, लांबलेला चेंजओव्हर (मशीन एका पार्टवरून दुसऱ्यावर लावणं), सगळं त्या ढिगाखाली दडतं, ही टोयोटावाल्यांची मूळ शिकवण बरोबरच आहे. डेड स्टॉकच्या रॅकवरून चक्कर मारली की कळतं किती पैसा गंजत पडलाय ते. आणि राखीव साठा ठेवला की सगळं निभावतं असंही नाही. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर टोयोटाने चिपसारख्या पार्टचा दोन ते सहा महिन्यांचा साठा सप्लायरकडे ठेवायला लावला, म्हणून २०२१ च्या चिपटंचाईत पहिले काही महिने बाकीचे प्लांट बंद पडत असताना टोयोटा चालू होती, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरसाठी तिलाही जागतिक उत्पादनात ४० टक्के कपात जाहीर करावी लागली. तरी त्या काही महिन्यांचीही किंमत असते. आणि तो साठा कुठल्या पार्टचा ठेवायचा हे टोयोटाला ठरवता आलं ते भूकंपानंतर सप्लायरच्या खालच्या सप्लायरपर्यंत उतरून माहिती गोळा केली म्हणूनच. सगळ्याच पार्टचा साठा ठेवणारा आणि सगळाच काढणारा, दोघांनीही तो अभ्यास केलेला नसतो.

स्वस्त पर्याय कधीच घेऊ नका असंही नाही. पण केएफसीने ब्रिटनमध्ये २०१८ ला वितरण डीएचएलकडे दिलं तेव्हा जुन्या वितरकाची सहा गोदामं जाऊन एक आलं, पहिल्याच आठवड्यात शेकडो दुकानांत चिकन पोचलं नाही आणि शटर खाली आली, आणि थोड्याच दिवसांत काही भाग परत जुन्याच वितरकाला द्यावा लागला. पाच गोदामांचं भाडं वाचलं असेल, हो.

मग करायचं काय? कंपन्या आपणहून बदलतील ही आशा मला फारशी नाही, कारण ज्याचा बोनस मंथ एंडच्या आकड्यावर ठरतो तो गाडी गेटबाहेरच उभी ठेवणार, त्याला नैतिकतेचं भाषण देऊन उपयोग नाही. आकडा उघडा करायला लावणं हाच मार्ग दिसतो. ब्रिटनने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना दर सहा महिन्यांनी सप्लायरला सरासरी किती दिवसांत पैसे दिले ते जाहीर करणं बंधनकारक केलं. त्याने जादू झाली नाही, २०१८ च्या जानेवारीत बुडालेली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी १२० दिवसांच्या टर्मसाठी बदनाम होतीच आणि तरीही सरकारी कामं तिलाच मिळत होती. पण निदान आता वेंडर धंदा धरण्याआधी बघू शकतो की हा गिऱ्हाईक कसा आहे. दुसरं म्हणजे वेंडरला बँकेमार्फत लवकर पैसे आणि कंपनीने बँकेला उशिरा, अशी जी सप्लायर फायनान्सची सोय असते, ती खरं तर कर्जच, पण ताळेबंदात देणी म्हणून पडून राहायची. २०२१ ला अशी सोय पुरवणारी ग्रीनसिल कंपनी कोसळल्यावर या प्रकाराकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग नियमांत २०२४ पासून तिची माहिती वेगळी जाहीर करणं सक्तीचं झालं. यावर उद्योगांची नेहमीची तक्रार की कागदपत्रं वाढतात, स्पर्धकाला माहिती मिळते. पेमेंटचे दिवस ही काही गुप्त रेसिपी नाही, प्रत्येक वेंडरला ते तोंडपाठ असतात.

मला यात अजून दोन आकडे जोडलेले आवडतील. एक, आपल्यासाठी म्हणून वेंडरच्या पैशाने हबमध्ये किती दिवसांचा माल पडून आहे. दोन, आपण वेंडरला दिलेला फोरकास्ट आणि प्रत्यक्षात उचललेला माल यात किती तफावत होती. दोन्ही आकडे ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आत्ता या क्षणी आहेत, काढायला एक दुपार पुरते. हे दोन्ही त्या इन्व्हेंटरीच्या आकड्याशेजारी त्याच स्लाइडवर टाका, मग टाळ्या वाजवायच्या की नाही ते शेअरहोल्डर बघतील.